‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणताना जीभ अडते

प्रिय ताई,

मी वसईच्या बंदरपट्टीतली, ख्रिस्ती कोळी, वय ४१. दीड वर्षापूर्वी पहाटे जाळी बोटीत चढवताना आमचे हे जागीच कलंडले. अर्धांगवायू. उजवा हात अजून लोंबतो, पाय ओढत चालतात आणि बोलणं गेलं. बोटीवर कर्ज होतं, हप्ते थकले, त्यात दवाखान्याचं बिल, म्हणून बोट विकून टाकली. फादरांनी आशीर्वाद दिलेली, नाळेवर क्रूस रंगवलेली बोट होती ती. आता मी बंदरावरच्या लिलावात म्हावरं घेते आणि बाजारात पाटी लावते. मुलगा १९ वर्षांचा. कॉलेज सोडून दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो.

माहीमच्या चर्चमध्ये नऊ बुधवार नोव्हेनाची प्रार्थना केली. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचा उजवा हात वाहिला. यांचा हात आहे तसाच आहे. एक गोष्ट मात्र घडते. ज्यांना साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, ते रोझरीची जपमाळ सुरू झाली की ‘नमो मारिया’ अख्खं म्हणतात, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’सुद्धा. आमच्याकडे दर गुरुवारी प्रार्थनेला एक बाई येतात. त्या म्हणतात, देवाने जीभ सोडवली, हातही सोडवील, पण तुम्ही गोळ्या देता म्हणजे तुमचा विश्वास अर्धाच आहे. गोळ्या बंद करा आणि घरात कुणाचं पाप लपून राहिलंय ते शोधा. मी रात्र रात्र शोधते.

आणि माझं असं झालंय की ‘स्वर्गातील बापा’ची ती प्रार्थना म्हणताना ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ आलं की माझी जीभ अडते. राग येतो. चर्चमध्ये मिस्साला बसले की ढोंग करतेय असं वाटतं. देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय? आणि गोळ्यांचं काय करू?

— तुमची एक बहीण

*

प्रिय भगिनी,

गोळ्या बंद करू नका. बाकीचं सगळं पुढे बोलूच, पण हे आधी. रक्तदाबाची गोळी, रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी, डॉक्टरांनी जे काही लिहून दिलं असेल ते आज रात्री द्या आणि उद्याही द्या. मी जन्मभर नर्सची नोकरी केली. पहिल्या झटक्यातून वाचलेला आणि गोळ्या सोडल्यावर दुसऱ्या झटक्यात गेलेला माणूस मी वॉर्डात पाहिला आहे. त्याच्या बायकोलाही कुणीतरी विश्वासाचीच गोष्ट सांगितली होती. एकदा झटका येऊन गेला की पुन्हा येण्याचा धोका वाढलेला असतो आणि या गोळ्या त्या धोक्यासाठी असतात. हात हलावा म्हणून त्या दिलेल्याच नाहीत. दीड वर्षात दुसरा झटका आला नाही, यात त्यांचाही वाटा असणार.

गोळी दिली म्हणजे विश्वास अर्धा, हे बायबलमध्ये कुठंही लिहिलेलं नाही. उलट आपल्या कॅथलिक बायबलात बेन सिराचा ग्रंथ आहे, त्याचा अडतिसावा अध्याय फादरांकडून वाचून घ्या. वैद्याचा मान राखा, त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केलं आहे, असं तिथं म्हटलंय. औषधं जमिनीतून परमेश्वरानेच उगवली आहेत आणि शहाणा माणूस ती झिडकारत नाही. त्याच अध्यायात पुढे आजारपणात प्रार्थना करायलाही सांगितलं आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. याच पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, पण त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला तेव्हा त्याला मिलेत शहरात तसाच ठेवून पौलाला पुढे जावं लागलं. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं, तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय लिहून कळवला. त्रफिमाच्या घरात कुणाचं पाप आहे ते शोधा, असं पौलाने कुठंही लिहिलेलं नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि तो काटा तसाच राहिला. पौलाचाही विश्वास अर्धा होता, असं त्या बाई म्हणतील का?

आता तुमच्या यजमानांच्या ‘नमो मारिया’बद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवी बाजू लुळी पडते आणि पुष्कळदा तिच्याबरोबर वाचाही जाते. पण जाते ती नवं वाक्य जुळवण्याची शक्ती. लहानपणापासून तोंडात बसलेली प्रार्थना, गाणं, एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार हे मेंदू वेगळ्या वाटेने सांभाळतो, आणि कित्येक रुग्णांच्या जिभेवर ते शिल्लक राहतं. ‘पाणी’ म्हणता न येणारी माणसं अख्खं गाणं म्हणताना मी पाहिली आहेत. वाचोपचार करणारे लोक याचाच उपयोग करतात. एखादा शब्द चालीवर म्हणून घेतात, मांडीवर डाव्या हाताने ठेका धरायला लावतात आणि हळूहळू चाल कमी करत नेतात. तुम्हीही करून बघा. पाण्याचा तांब्या हातात धरून ‘पा-णी’ गाण्यासारखं लांबवून म्हणा आणि त्यांना तुमच्याबरोबर म्हणू द्या. बोटीवर ते जी कोळीगीतं म्हणायचे ती लावा. सरकारी रुग्णालयात वाचोपचाराची सोय कुठं आहे ते फिजिओथेरपीच्या बाह्यरुग्ण विभागात विचारा.

डॉक्टरांना कारण ठाऊक आहे म्हणून त्या प्रार्थनेची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही. त्यांच्या आईने संध्याकाळी क्रूसापुढे बसवून जे शब्द त्यांच्या तोंडी दिले, ते झटक्याच्या तावडीतून सुटले. याबद्दल मी देवाचे आभार मानीन. पण जीभ सुटली म्हणजे हातही सुटणारच आणि सुटला नाही तर तुमच्यात काहीतरी खोट आहे, असला हिशेब त्या बाईंना कुणी मांडायला सांगितला?

पाप शोधणं थांबवा. आजच थांबवा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली होती. ती काय यरुशलेमातल्या बाकी सगळ्यांपेक्षा पापी होती, असं येशूने लोकांना विचारलं आणि उत्तरही त्यानेच दिलं: नाही. बायबलातल्या संकटांनी गांजलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही हाच उद्योग केला होता. आधी ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, ते बरं केलं. मग तोंड उघडून पाप शोधायला लागले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. माझ्याबद्दल तुम्ही ईयोबासारखं बरोबर बोलला नाहीत, असं देवाने त्यांना बजावलं.

इथून तुमच्या रागाकडे येते.

‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ ही ओळ म्हणजे ‘जे झालं ते तुझ्याच इच्छेने झालं’ अशी कबुली आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. पुष्कळ जण तसंच धरून चालतात. पण नीट बघा, ती मागणी आहे. जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही होवो, असं आपण मागतो. मागावं लागतं, कारण पृथ्वीवर सगळं त्याच्या मनासारखं चाललेलं नाही. त्याच्या मनात काय आहे ते येशूने वागून दाखवलं. सभास्थानात एक माणूस होता, त्याचा हात वाळलेला. कुठला हात ते शुभवर्तमान लिहिणारे बाकीचे सांगत नाहीत. वैद्य असलेला लूक मात्र लिहून ठेवतो: उजवा. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा वार होता, लोक टपून बसले होते, तरी येशूने त्याला मधोमध उभं केलं आणि हात पुढे कर म्हटलं. मार्क तर सांगतो की आडवे येणाऱ्यांकडे त्याने रागाने पाहिलं. लुळ्या हाताबद्दल देवाच्या मनात काय असतं ते इथं दिसतं. मोतमावलीला तुम्ही मेणाचा हात वाहिलात तो याच देवापुढे. ते मागणं चुकीचं नव्हतं आणि ते वायाही गेलेलं नाही. नवस फेडला नाही म्हणून काही होईल, अशी भीती कुणी घातली असेल तर तीही मनातून काढून टाका.

मग आमच्याच घरी का नाही, हे विचारत राहा. देवालाच विचारा. गेथशेमाने बागेत येशूची प्रार्थना मागण्यानेच सुरू झाली: शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळू दे. ‘तरी तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे त्याच्या मागून आलं. आणि एकदा म्हणून तो उठून गेला नाही. मत्तय सांगतो, तो तीनदा गेला आणि तेच शब्द पुन्हा म्हणाला. तुम्हाला दीड वर्ष पहिल्याच वाक्यावर थांबावंसं वाटत असेल तर थांबा. स्तोत्रांत तेरावं स्तोत्र काढा. ‘परमेश्वरा, कुठवर? मला कायमचा विसरणार का?’ अशी त्याची सुरुवात आहे. अठ्ठ्याऐंशीवं त्याहून कडक आहे. त्यात शेवटपर्यंत उजाडतच नाही, अखेर अंधारावर होते. तरी ते बायबलात आहे आणि शतकानुशतकं लोक ते देवासमोर म्हणत आले आहेत. तुमचा राग पाप असता तर ही स्तोत्रं तिथं कशाला ठेवली असती? रागाने का होईना, तुम्ही अजून त्याच्याशी बोलता आहात.

मिस्साला जा. ढोंग कसलं त्यात? मागच्या बाकावर बसा, गप्प बसा, हवं तर रडा. तुमच्या वाटची प्रार्थना बाकीची मंडळी म्हणतील, मंडळी असते कशाला? आणि घरी रोझरीला त्या ओळीपाशी आलात की थांबा आणि यजमानांना म्हणू द्या. त्यांची जीभ तिथं अडत नाही. लग्नात तुम्ही दोघांनी सुखात आणि दुःखात एकमेकांना साथ देण्याचं वचन दिलंत, त्यात हेही आलं.

आता तुमचा मोठा प्रश्न. विश्वास ठेवायचा म्हणजे करायचं काय? तुम्ही समुद्रावरच्या आहात, म्हणून लूकनेच लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला सत्ताविसावा अध्याय सांगते. तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल.

पौलाला कैदी म्हणून जहाजाने रोमला नेत होते. हंगाम सरला होता. पौल म्हणाला, आता पुढे गेलो तर नुकसान होईल. पण पहाऱ्यावरच्या शताधिपतीने, म्हणजे रोमी लष्करी अधिकाऱ्याने, जहाजाचा तांडेल आणि मालक यांचं ऐकलं. १ जूनची मासेमारीबंदी तोंडावर आलेली असताना आणखी एक फेरी मारू म्हणणारे नाखवे तुम्ही पाहिलेच असतील. मग वादळ सुटलं. जहाज फुटू नये म्हणून त्याला खालून दोर आवळले. माल पाण्यात टाकला. तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामानही टाकलं. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. लूक लिहितो की आम्ही वाचण्याची सगळी आशा संपली. ‘आम्ही’ म्हणतो, कारण तो स्वतः त्याच जहाजावर होता आणि ही ओळ त्याने लपवली नाही. आशा संपणं म्हणजे विश्वास संपणं, असं त्याला वाटलं असतं तर त्याने ती गाळली असती.

त्या रात्री देवदूताने पौलाला सांगितलं ते ऐका. तुमच्यातलं एकही माणूस जाणार नाही, फक्त जहाज जाईल. पौलाने सगळ्यांसमोर ते तसंच सांगितलं. जहाजही वाचेल, असं गोड बोलला नाही.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागली. त्यांनी पाण्याची खोली मोजायची बुडीद सोडून पाहिली, वीस वाव. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा सोडली, पंधरा वाव. खडकावर आदळू या भीतीने त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहत बसले. इतक्यात काही खलाशांनी नांगर टाकायच्या मिषाने लहान होडी खाली सोडली आणि पळायचा बेत केला. तेव्हा पौल शताधिपतीला म्हणाला, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.

हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. सगळे वाचतील, असा देवाचा शब्द पौलाला मिळाला होता. तरी त्याला खलाशी हवे होते. देवाने वचन दिलं आहे तर आता खलाशी कशाला, असं तो म्हणाला नाही. पुढच्या गुरुवारी गोळ्यांचा विषय निघाला तर हेच वाचून दाखवा.

मग पहाटेच्या सुमारास पौल सगळ्यांना म्हणाला, चौदा दिवस तुम्ही धड काही खाल्लेलं नाही, आता खा. त्याने भाकर घेतली, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानले, ती मोडली आणि स्वतः खायला लागला. ते बघून बाकीच्यांना धीर आला. जहाजावर २७६ माणसं होती. मी इथं दर वेळी थांबते. बाहेर वारा तसाच आहे, जहाज जाणार हे ठरलेलं आहे आणि हा माणूस भाकरीसाठी देवाचे आभार मानतोय. वादळासाठी त्याने आभार मानलेले नाहीत, तुम्हीही मानू नका. भाकरीसाठी मात्र माना.

आणि जहाज गेलंच. वाळूत रुतलं, नाळ अडकून बसली आणि लाटांनी मागची बाजू फोडली. पोहता येणाऱ्यांनी आधी उड्या टाकल्या. बाकीचे फळ्यांवर, जहाजाच्या तुकड्यांवर बसून किनाऱ्याला लागले. सगळे लागले.

तुमची बोट गेली. तिच्यावर आशीर्वाद होता, तरी गेली. पण फादरांनी पाणी शिंपडून जी प्रार्थना केली ती लाकडापेक्षा त्या लाकडावर बसून जाणाऱ्या तुमच्या माणसांसाठी होती. तुमचे यजमान झटका येऊनही घरी आले, मुलगा अजून संध्याकाळी घरी येतो. बोट विकून तुम्ही दवाखाना भागवलात आणि कर्जातून बाहेर पडलात, यात देवाचा अवमान झाला असं वाटून घेऊ नका. गहूसुद्धा शेवटी समुद्रात टाकला होता त्यांनी.

त्या जहाजावर चौदाव्या रात्री विश्वासाचं काम काय होतं? पाणी मोजणं. नांगर टाकणं. ज्यांना काम येतं त्यांना जहाजावर ठेवून घेणं. जेवणं. तुमच्या घरी ते असं असेल: रात्रीच्या गोळ्या, सकाळचा व्यायाम, बाजार, आणि तुमचं स्वतःचं जेवण. पत्रात सगळ्यांचं आलंय, तुम्ही पहाटे लिलावाला निघता ते काय खाऊन, हे कुठं आलं नाही. पाटीवर बसण्याआधी चार घास खाऊन घेत जा. भूक आणि जागरण अंगात मुरलं की देव आणखी लांब गेल्यासारखा वाटतो.

पुढची गोष्ट मुद्दाम सांगते. किनाऱ्याला लागल्यावर मिलिता बेटावर पौल शेकोटीत काटक्या टाकत होता, तेवढ्यात एक साप त्याच्या हाताला डसला. बेटावरचे लोक लगेच म्हणाले, हा नक्की खुनी असणार, समुद्रातून वाचला तरी न्याय याला सोडत नाही. पौलाने साप आगीत झटकून टाकला. त्याला काही होत नाही असं दिसल्यावर तेच लोक म्हणायला लागले, हा देव आहे. लोकांचं हे असं असतं. तुमच्या घरावर साप पडला की तुम्ही पापी, आणि उद्या हात हलला तर तुम्ही संत. दोन्ही मनाला लावून घेऊ नका.

मी तुम्हाला हात बरा होण्याचं वचन देत नाही. झटक्यानंतरची मोठी सुधारणा बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. पुढे ती हळू होते, पण व्यायाम चालू ठेवला तर थांबतेच असं नाही. त्या जहाजावरून वाचलेल्या पौलाला पुढे रोममध्ये जीव द्यावा लागला, अशी आपली परंपरा सांगते. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेला. त्याचा विश्वास कमी पडला, असं त्याच्या नावाच्या गासच्या चर्चमध्ये उभं राहून कुणी म्हणेल का? ख्रिस्ती माणसाची आशा ‘आपल्याला काही होणार नाही’ या भरवशावर उभीच नाही. पुनरुत्थान झालेल्या प्रभूच्या हातांना खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, त्याने थोमा या शिष्याला बोट घालून पाहायला सांगितलं. ज्याला मरणातून उठवलं त्याच्या हातांवरच्या जखमा पित्याने पुसल्या नाहीत. तुमच्या यजमानांचा हात इथं बरा होवो वा न होवो, तो देवाला परका नाही. हे मी मनापासून मानते आणि एवढंच तुम्हाला देऊ शकते.

थोडं व्यवहाराचं. यजमानांना बिछान्यातून उठवताना लोंबता हात धरून ओढू नका, खांद्याचा सांधा सुटतो. पाठीमागून आणि कमरेला धरून उठवा, बसले की तो हात उशीवर टेकवा. ते कारण नसताना रडतात का, किंवा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात का? झटका आलेल्या दर तीन माणसांमागे साधारण एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

फादरांना सांगून यजमानांना आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून घ्या. आपल्या लोकांना अजून वाटतं की ते फक्त मरणाच्या दारात लावायचं असतं, म्हणून फादर तेल घेऊन आले की घरात रडारड सुरू होते. तसं नाही. तो संस्कार आजाऱ्यांचा आहे आणि पुन्हा पुन्हा घेता येतो. चर्चपर्यंत त्यांना नेणं होत नसेल तर कम्युनियनची पवित्र भाकर घरी आणायला सांगा. फादरांना तुमच्या रागाबद्दलही सांगा. त्यांनी याहून मोठे राग ऐकलेले असतात. पॅरिशमध्ये गरजूंना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी असेल तर औषधांच्या खर्चाचं त्यांच्या कानावर घाला. घेताना लाज वाटेल, पण बोट होती तेव्हा तुम्हीही कुणाला तरी म्हावरं दिलंच असेल.

सरकारी रुग्णालयातून यजमानांचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात होते. मुलाला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची माहिती काढायला सांगा. बोटीवर जात असतानाही त्यातून पदवी करता येते, आणि पावसाळी बंदीचे दोन महिने अभ्यासाला मिळतात. बापाची बोट गेली म्हणून आपलं शिक्षण संपलं, असं त्याने इतक्यात ठरवू नये. त्याच्याशीही बोला. तोही रात्री काहीतरी शोधत असेल.

राहता राहिल्या गुरुवारच्या बाई. त्यांना दार बंद करू नका, त्या दर आठवड्याला तुमच्या दारी येतात हेही काही कमी नाही. याकोब आपल्या पत्रात विचारतो, उघड्या आणि उपाशी माणसाला नुसतं ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून काय उपयोग? पुढच्या गुरुवारी चहा करा आणि त्यांना सरळ सांगा: गोळ्या चालू राहतील, पापाचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही, आणि तुम्हाला आमच्यासाठी काही करायचं असेल तर आठवड्यातून दोन सकाळी यांच्याजवळ येऊन बसा, म्हणजे मला लिलावाहून धावत यावं लागणार नाही. आल्या की यांच्याबरोबर रोझरी म्हणा. त्यांना ती अख्खी येते.

तुमची,
ताई